प्रवाळभित्ती कुठे थांबते

तांबड्या समुद्राचा किनारा उघडाबोडका आहे. इजिप्तपासून सुदानपर्यंत आणि पलीकडे सौदी अरेबियाच्या बाजूनेही वाळवंट थेट पाण्याला भिडते, आणि पाणी लागते तिथेच प्रवाळ सुरू होतात. किनाऱ्याला चिकटून, मध्ये फार थोड्या ठिकाणी खंड पडत, शेकडो किलोमीटरपर्यंत प्रवाळांनी बांधलेला खडक पसरलेला आहे. सुदानमधले पोर्ट सुदान आणि आपली मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर येतात. कोकणचा समुद्रही बारा महिने उबदार असतो. कातळाची तर इथे मुळीच वाण नाही. एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत काळा पाषाण आणि जांभा समुद्रात उतरलेला दिसतो. तरीही डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या सुमारे ७२० किलोमीटर किनाऱ्यावर अशी एकही सलग भित्ती नाही. प्रवाळ उष्ण कटिबंधातल्या उबदार, उथळ समुद्रात वाढतात, असे शाळेतल्या भूगोलात शिकवले जाते. ते खरेच आहे, पण तेवढ्यावर या दोन किनाऱ्यांतला फरक उलगडत नाही. माझे म्हणणे असे की किनाऱ्यालगतची प्रवाळभित्ती वाढते समुद्रात, पण ती कुठे वाढेल आणि कुठे थांबेल हे बऱ्याच अंशी जमीन ठरवते. जमिनीवरून किती पाणी आणि किती माती खाली येते, आणि जमिनीच्या मानाने समुद्राची पातळी कुठे आहे, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर भित्तीचा नकाशा बराचसा समजू लागतो.

आधी प्रवाळ आणि प्रवाळभित्ती यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचा, पिशवीसारखा, तोंडाभोवती स्पर्शिका असलेला. कठीण प्रवाळांचे हे जीव समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुनखडीची वाटी तयार करतात आणि जसजसे वाढतात तसतसे जुनी वाटी खाली सोडून वर सरकतात. त्यांच्या ऊतींत अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ही शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. बहुतेक भित्तीबांधू प्रवाळांची ऊर्जेची गरज मुख्यतः याच मार्गाने भागते, आणि चुनखडीचे काम त्यांना इतक्या वेगाने करता येते तेही त्यामुळेच. म्हणजे प्राणी असूनही त्याला झाडासारखा उजेड लागतो. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकतात. गोलसर, भरीव प्रवाळ मात्र वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. पण प्रवाळ वाढला म्हणजे भित्ती वाढली असे होत नाही. वादळी लाटा फांद्या मोडतात, पोपटमासे आणि समुद्री साळू खडक खरवडतात, काही स्पंज आणि शिंपले तो आतून पोखरतात. मोडलेले तुकडे आणि वाळू पोकळ्यांत साचते आणि त्यावर चुनखडी धरणारी गुलाबी शैवाले लेप चढवून ते सगळे जखडून टाकतात. सगळ्या मोडतोडीनंतर उरते ती भित्ती. हा जमाखर्च आहे, आणि जमा भरपूर असूनही खर्च तितकाच झाला तर शिल्लक काहीच पडत नाही. म्हणूनच भित्तीची उंची वर्षाला साधारण काही मिलिमीटरच वाढते, आणि म्हणूनच प्रवाळ विपुल असूनही भित्ती नसलेला किनारा असू शकतो.

किनाऱ्यालगतच्या भित्तीची सुरुवात अगदी साधी असते. प्रवाळाची अळी पाण्याबरोबर तरंगत येते आणि तिला टेकायला कठीण, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. सैल वाळूवर किंवा चिखलावर ती तग धरत नाही. खडकावर पहिल्या वसाहती बसतात, त्यांच्या सांगाड्यांवर पुढच्या पिढ्या येतात आणि रचना वर चढत जाते. पण वर चढण्याला छत आहे: उधाणाच्या वेळची सुकती. त्या पातळीच्या वर डोके काढलेला प्रवाळ उन्हात आणि पावसाच्या गोड्या पाण्यात मरतो. वर जायला जागा उरली नाही की भित्ती समुद्राच्या दिशेने, आपल्याच ढिगाऱ्यावर पाय ठेवत पुढे सरकते. त्यातून या भित्तीची ओळखीची घडण तयार होते. किनाऱ्याला लागून सुकतीला जवळजवळ उघडा पडणारा सपाट मंच असतो, कुठे दहा-वीस मीटर रुंद तर कुठे किलोमीटरभर. त्याच्या बाहेरच्या कडेला लाटा फुटतात, आणि त्या कडेपलीकडे खोल पाण्यात उतरणाऱ्या उतारावर सर्वांत समृद्ध वाढ असते. तिथे लाटा सतत ताजे पाणी आणतात आणि गाळ टिकू देत नाहीत. किनाऱ्याजवळचा आतला भाग बहुधा गरीब असतो. तिथे पाणी उथळ, तापणारे, वाळूने भरलेले. जमिनीचा प्रभाव भित्तीच्या आतच, काही शे मीटरच्या अंतरात असा वाचता येतो.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला सिद्धान्त चार्ल्स डार्विनचा. तो त्याला पहिल्यांदा सुचला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, खरीखुरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहण्याआधीच. तिथे भूकंपांनी उचलली जाणारी जमीन पाहून त्याने उलट विचार केला: समुद्रतळ हळूहळू खचत असेल तर काय होईल? ज्वालामुखीच्या बेटाला चिकटलेली भित्ती बेट खचत असताना वर वाढत राहील. मग बेट आणि भित्ती यांच्यात पाण्याचा पट्टा तयार होऊन तिची रोधक भित्ती बनेल, आणि बेट पूर्ण बुडाल्यावर फक्त कंकणद्वीप उरेल. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात ही मांडणी सविस्तर आली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटक या कंकणद्वीपावर भोक पाडताना १,२०० मीटरपेक्षा खोल चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला, आणि डार्विनचा तर्क भर महासागरातल्या बेटांपुरता सिद्ध झाला. मात्र या यशाची एक किंमत किनाऱ्यालगतच्या भित्तीने मोजली. ती या साखळीतली पहिली, अपुरी पायरी मानली जाऊ लागली, जणू प्रत्येक किनारी भित्ती आज ना उद्या रोधक भित्ती होण्याच्या वाटेवरच आहे. खंडांच्या किनाऱ्यांना हे लागू पडत नाही. केनियाचा किनारा घ्या. मोंबासा शहर ज्या खडकावर उभे आहे तो खडकच मागच्या उबदार युगांतल्या, आज समुद्रसपाटीच्या वर राहिलेल्या जुन्या प्रवाळभित्तीचा आहे. त्याच्या पायथ्याशी आजची भित्ती वाढते आहे. जमीन खचत जाऊन भित्ती किनाऱ्यापासून दूर जाण्याची ती कथा इथे घडलेली नाही.

किनारी भित्तीचा इतिहास घडवला तो मुख्यतः समुद्राच्या पातळीने. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळू लागला तसा तो चढत गेला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ येऊन बराचसा स्थिरावला. त्यामुळे आज किनाऱ्याला लागून दिसणाऱ्या बहुतेक भित्त्या भूशास्त्राच्या हिशेबाने कोवळ्या आहेत. त्यांचा आजचा थर बहुतेक ठिकाणी आठ-नऊ हजार वर्षांपेक्षा जुना नाही, जरी तो अनेकदा आधीच्या युगातल्या भित्तीच्या पाठीवर बसलेला असला तरी. भित्ती आणि पातळी यांचे हे नाते किती नेमके आहे हे आपल्याच देशात २६ डिसेंबर २००४ ला दिसले. त्या दिवशीच्या मोठ्या भूकंपात अंदमान बेटांचा पश्चिम भाग उचलला गेला. नॉर्थ सेंटिनेल आणि इंटरव्ह्यू या बेटांभोवतीचे प्रवाळमंच कायमचे पाण्याबाहेर आले आणि त्यांवरचे प्रवाळ मेले. त्याच वेळी पोर्ट ब्लेअरजवळची जमीन सुमारे मीटरभर आणि ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले. हजारो वर्षांत मिलिमीटर-मिलिमीटरने मिळवलेली उंची काही मिनिटांत निरुपयोगी झाली. सुमात्राच्या बाजूच्या बेटांवर तर सपाट माथ्याच्या प्रवाळवसाहती मोजून भूकंपांचा शेकडो वर्षांचा इतिहास वाचला गेला आहे, कारण अशा वसाहतीचा माथा सुकतीच्या पातळीशी बांधलेला असतो आणि जमीन वर-खाली झाली की त्याची नोंद कड्यांच्या रूपाने राहते.

पातळी भित्तीची उंची ठरवते. तिचा विस्तार मात्र जमिनीवरून येणारे पाणी ठरवते. हेही डार्विनच्या नजरेतून सुटले नव्हते. १८३६ मध्ये तो मॉरिशसला थांबला होता. हे बेट त्याने किनारी भित्तीचे नमुनेदार उदाहरण म्हणून वर्णिले, आणि नद्या-ओढ्यांच्या मुखांसमोर भित्ती तुटलेली असते हेही नोंदवले. ज्या बेटावर पुढे कोकणातून गेलेल्या मराठी माणसांच्या पिढ्या वसल्या, त्याच बेटाच्या कडेने हा नियम लिहिलेला आहे. नदीच्या मुखाशी दोन गोष्टी एकत्र येतात. गोडे पाणी हलके असल्याने समुद्रावर तरंगते आणि उथळ पाण्यातल्या प्रवाळांना क्षार कमी पडतात. त्याहून घातक गाळ. पाण्यात तरंगतो तेव्हा तो उजेड अडवतो. खाली बसतो तेव्हा प्रवाळाला गुदमरवतो आणि अळीला टेकायला लागणारा खडक झाकून टाकतो. प्रवाळ श्लेष्मा सोडून आपल्यावरचा गाळ झटकू शकतो, पण त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा वाढीतून वजा होते. केनियाच्या किनारी भित्तीला मोठे खंड पडतात ते सबाकी आणि ताना या नद्यांच्या मुखांजवळ. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेपासून महानदी, गोदावरी, कृष्णेपर्यंत भारताच्या मुख्य भूमीला भित्ती नाही, आणि ती सुरू होते मन्नारच्या आखातात, रामेश्वरम ते तूतुकुडी या कोरड्या पट्ट्यात, २१ लहान बेटांभोवती. उलट बाजूने ऑस्ट्रेलियाचा निंगालू किनारा पाहा. तिथली किनारी भित्ती सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि तिच्या मागे जवळजवळ वाळवंट. तांबड्या समुद्राला तर एकही बारमाही नदी मिळत नाही. जिथे त्याची भित्ती खोलवर कापलेली दिसते त्या अरुंद खाड्या म्हणजे बहुधा समुद्र खाली असताना क्वचितच्या पुरांनी कोरलेल्या, नंतर बुडालेल्या दऱ्या आहेत. जी नदी आज नाही तिचाही ठसा भित्तीत राहिला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नद्यांच्या मुखांशी भित्ती नसते हे ठीक, पण एकत्र दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे. मुखांशी खडकच कमी असतो, तळ मऊ असतो. मग गाळाला दोष का द्यायचा? याचे उत्तर प्रवाळांच्या सांगाड्यातूनच मिळते. भरीव प्रवाळ झाडाच्या खोडासारखी वर्षावार वलये ठेवतो. नदीच्या गाळातून समुद्राच्या पाण्यात सुटणारे बेरियम हे मूलद्रव्य त्या वलयांत अडकते. ऑस्ट्रेलियात बर्डेकिन नदीसमोरच्या हॅवाना बेटाजवळच्या एका प्रवाळातून काढलेल्या नमुन्यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की १८७० च्या आसपासपर्यंत पुरांबरोबर फारसा गाळ भित्तीपर्यंत येत नव्हता, आणि युरोपीय वसाहतकारांनी खोऱ्यात गुरे-मेंढ्या चारायला सुरुवात केल्यावर तो पाच ते दहापट झाला. केनियात मालिंदीजवळच्या सुमारे ३०० वर्षांच्या प्रवाळाने तीच कहाणी सांगितली: विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर सबाकीच्या खोऱ्यात शेती आणि वृक्षतोड वाढली आणि सांगाड्यातले बेरियम वाढत गेले. खडक तोच, तळ तोच, समुद्र तोच. बदलला तो डोंगरउतार. शेकडो किलोमीटर आतल्या कुरणाची आणि नांगराची नोंद समुद्रातल्या प्राण्याने ठेवावी, यापेक्षा जमीन-समुद्राच्या नात्याचा स्पष्ट पुरावा मला सांगता येणार नाही.

आता कोकणाकडे. इथे वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्री किनाऱ्यापासून जवळ, नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. सावित्री, वाशिष्ठी, काजळी, गड, कर्ली यांचे पाणी घाटमाथ्यावरून खाडीत पोचायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ आणि मचूळ होते. किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर चिखलाचा रुंद पट्टा आहे आणि पावसाळ्यातल्या लाटा तो पुन्हा पुन्हा ढवळतात. याच काळात पश्चिम किनाऱ्यावर खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले आणि प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते. पोषक द्रव्ये वाढली की मोकळ्या खडकावर शैवाल माजते आणि खडक पोखरणारे जीवही वाढतात. म्हणजे जमा घटते आणि खर्च वाढतो. पण प्रवाळ नाहीत असे नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या कातळांवर जिवंत प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य त्याच परिसरातले. गोव्यातही ग्रँड बेटाजवळ ते आढळतात. पण हे खडकावर वाढलेले विखुरलेले प्रवाळ आहेत, स्वतः खडक बांधणारी भित्ती नव्हे. आणि किनारा सोडून समुद्रात पुरेसे दूर गेले की चित्र बदलते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. त्याचा माथा साधारण वीस मीटर खोल, पाणी स्वच्छ, आणि तिथे प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. समुद्र तोच, मोसमी वारे तेच. मोठा फरक पडतो तो एकाच गोष्टीचा: तिथवर कोकणच्या नद्यांचा गाळ पोचत नाही.

या मांडणीवरचा सर्वांत कठीण आक्षेप कच्छच्या आखाताचा. तिथे पाणी गढूळ, भरती-सुकतीतला फरक अनेक मीटरांचा, हिवाळ्यात पाणी थंड, उन्हाळ्यात क्षार जास्त. तरीही पिरोटन, नरारा, पोशित्रा इथे किनारी भित्त्या आहेत आणि १९८२ पासून राष्ट्रीय सागरी उद्यानही. गाळ जर निर्णायक असेल तर त्या तिथे कशा? यासाठी आखाताच्या दोन बाजू वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. प्रवाळ मुख्यतः दक्षिणेच्या, सौराष्ट्राच्या बाजूला खडकाळ मंचांवर आहेत. उत्तरेची कच्छची बाजू, जिकडे सिंधूच्या मुखाकडचा गाळ येतो, ती चिखलाची आहे आणि तिथे भित्त्या जवळजवळ नाहीत. सौराष्ट्राच्या बाजूला पाऊस कोकणाच्या काही अंशानेच पडतो, त्यामुळे गोड्या पाण्याचा मारा नाही, आणि जोरदार भरतीचे प्रवाह गाळ तरंगत ठेवतात, साचू देत नाहीत. तरंगणाऱ्या गाळाची किंमत मात्र या भित्तीला मोजावी लागलीच आहे. इथे कठीण प्रवाळांच्या पन्नासेक जातीच नोंदल्या आहेत, बहुतेक गाळ सोसणाऱ्या भरीव प्रकारच्या, आणि त्यांची वाढ उथळ पट्ट्यात दाटलेली आहे, कारण थोड्या खोलीवरच उजेड संपतो. सिंगापूरच्या गढूळ पाण्यातही हेच दिसते: काही मीटरांखाली प्रवाळ विरळ होतात. तेव्हा माझे म्हणणे मला थोडे आवरते घ्यावे लागते. पाणी गढूळ असणे म्हणजे भित्तीचा मृत्यू नव्हे. भित्तीला संपवतो तो तळाशी बसून राहणारा गाळ; तरंगणारा गाळ तिला उथळ आणि जातींनी गरीब करतो. हा भेद बंदरांसाठी खाड्या उपसताना फार महत्त्वाचा ठरतो, कारण उपशात तळाचा जुना गाळ उचलला जातो आणि प्रवाह मंद असेल तिथे जाऊन बसतो.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. समुद्र तापतो आहे. नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले तर प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात; यालाच विरंजन म्हणतात. १९९८ मध्ये लक्षद्वीप आणि मन्नारच्या भित्त्यांवर हे मोठ्या प्रमाणात झाले, २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरचा चौथा असा प्रसंग जाहीर झाला. अशा वेळी नदीच्या गाळाची चर्चा करणे म्हणजे दुय्यम गोष्टीत अडकणे नव्हे का? तापमानाच्या तडाख्यापुढे स्वच्छ पाणीही भित्तीला वाचवू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण विरंजनानंतर काय होते ते पुन्हा किनाऱ्यावर अवलंबून असते. मेलेल्या खडकावर नवी अळी टेकेल की शैवाल आणि चिखल पसरेल, हे पाण्यात काय येते आहे त्यावर ठरते. मन्नारच्या आखातात तर भित्तीचा खडकच अनेक दशके चुन्यासाठी आणि बांधकामासाठी खणून नेला गेला. २००१ मध्ये कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाल्यावर आणि त्यानंतरच्या वर्षांत तो उपसा आटोक्यात आला. तोवर तिथल्या २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली होती, आणि त्यामागचे एक मोठे कारण हाच उपसा मानला जातो.

याचा हिशेब आता समुद्राच्या चढत्या पातळीशी जोडावा लागतो. निरोगी भित्ती आदळणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषते असे जगभरच्या मोजमापांतून दिसले आहे, आणि त्यातले बरेचसे काम भित्तीची बाहेरची कडच करते. १९९३ पासून समुद्र वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरहून अधिक वेगाने चढत आला आहे आणि अलीकडच्या दशकात हा वेग चार मिलिमीटरच्या पुढे गेला. उधाणाच्या सुकतीला टेकलेल्या, हजारो वर्षे वर जायला जागा नसलेल्या भित्तीला यामुळे पुन्हा वर वाढायला वाव मिळेल, आणि जिवंत भित्तीची वाढ या वेगाच्या आसपास जाऊ शकते. मात्र त्यासाठी जमाखर्चात शिल्लक पडली पाहिजे. प्रवाळ मेलेले असतील तर पोपटमासे, साळू आणि स्पंज आपले काम चालूच ठेवतात, मंच खरवडला जातो आणि त्यावरचे पाणी दरवर्षी थोडे खोल होते. मग मंचावर फुटून जाणाऱ्या लाटा किनाऱ्यापर्यंत पोचू लागतात. मन्नारच्या बेटांवर, लक्षद्वीपमध्ये, अंदमानच्या खचलेल्या किनाऱ्यावर आणि मालिंदीच्या बाहेर पुढच्या काही दशकांत नेमके हेच मोजले जाईल: कड वर्षाला किती मिलिमीटर चढली आणि समुद्र किती.